गंजलेला पत्रा कापण्याआधी गाडीचा आकार धरून ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठच्या दशकातली, चार दारांची, वेगळी चासी नसलेली सलून गाडी. दोन्ही बाजूंच्या सिलवर, म्हणजे दाराखालच्या लांब पोकळ पेटीवर, गंजाचे फुगे आले आहेत. चालकाच्या पायाखाली फ्लोअरला मुठीएवढं भोक आहे. मागच्या चाकांच्या कमानी कडेने कुरतडल्यासारख्या झाल्या आहेत. नवे पत्रे आणून ठेवलेत, ग्राइंडर आणि तार वितळवत पत्रे जोडणारा मिग वेल्डर हाताशी आहे, आणि विचारणा अशी की पहिला काप कुठे घ्यायचा. सोबत कोणीतरी दिलेला सल्लाही आहे: कापाकापी नको, फायबरची जाळी चिकटवून पुट्टी भरा, खालून डांबरी कोटिंग मारा, कुणाला कळणार नाही.

आधी त्या सल्ल्याचं बघू. सिलचा गंज जवळजवळ नेहमी आतून बाहेर येतो. रंगावर फुगा दिसला तोवर मागचा पत्रा संपत आलेला असतो. त्यावर फायबर चिकटवलं की ओल आत कोंडते आणि उरलासुरला पत्राही जातो. शिवाय चासी नसलेल्या गाडीत सिल ही घराच्या तुळईसारखी असते. पुढचं इंजिन, मागचा अ‍ॅक्सल आणि मधली माणसं यांचा भार तीच पेलते, आणि बाजूने धडक बसली तर आत बसलेल्यांच्या आणि धडकणाऱ्या गाडीच्या मध्ये दाराबरोबर तीही उभी असते. पुट्टी कसलाच भार घेत नाही. त्यामुळे त्या सल्ल्याचा विचारच करू नका.

आता सुरुवात कुठून करायची ते. मोजपट्टी, ओळंबा आणि वही घेऊन करा. ग्राइंडर अजून काही दिवस खोक्यातच राहू दे.

असं म्हणण्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. या कामात पडलो त्या पहिल्या वर्षांत मी एका दोन दारांच्या कूपेचे दोन्ही सिल एकाच दिवशी कापून काढले. गाडी मधोमध स्टँडवर उभी होती, इंजिन पुढे तसंच होतं, आणि दारं काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. नवे सिल सुरेख बसले. वेल्डिंग तर तोवरच्या माझ्या कामातलं सगळ्यात चांगलं झालं होतं. दारं लावायला गेलो तेव्हा कळलं, दाराच्या मागच्या कडेची फट वरच्या टोकाला बोट जाईल इतकी आणि खालच्या टोकाला शून्य. मधला आधार तसाच राहून दोन्ही टोकं खाली वाकली होती, आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत मी गाडी पक्की करून टाकली होती. दोन्ही सिल पुन्हा कापावे लागले. त्या दिवसापासून मी दाराच्या फटीकडे बघितल्याशिवाय एकही टाका मारलेला नाही.

तुमची गाडी नेमकी कोणत्या घडणीची आहे हे आधी समजून घ्या, कारण धोका त्यावर ठरतो. जुन्या जीपसारख्या गाड्यांत शिडीसारखी चासी वेगळी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. तिथे फ्लोअर कापला तरी चासी जागची हलत नाही. पण १९२२ची लॅन्सिया लॅम्डा आणि १९३४ची सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हां इथून पुढे हळूहळू बॉडीलाच भार घ्यायला शिकवलं गेलं, आणि साठच्या दशकापर्यंत बहुतेक छोट्या-मध्यम गाड्या तशाच बनू लागल्या. त्यांत दिसतो तो पत्रा म्हणजेच सांगाडा. काही गाड्या या दोहोंच्या मधल्या असतात. फोक्सवॅगन बीटलला खाली वेगळा प्लॅटफॉर्म असतो, पण इंजिनाची गरम हवा पुढे नेणाऱ्या हीटर चॅनल हेच तिचे सिल असतात. त्या गंजल्या की बॉडी आपला आकार सोडते. ‘ही तर बोल्टने बसवलेली बॉडी, काय होतंय’ असं म्हणून त्या कापणारे बरेच जण नंतर अडचणीत येतात.

आता गंज शोधा. दिसतो तेवढाच असतो असं धरून चालू नका. गालिचे, सीट, दाराच्या चौकटीवरच्या पट्ट्या सगळं काढा. खालचं डांबरी कोटिंग पात्याने खरवडा. छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भदभद वाजतो. शंका वाटेल तिथे सेंटर पंच टेकवून दाबा. आत गेला तर तिथला पत्रा संपला असं समजा. कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक पॅनलवरून फिरवलं की आधीच्या मालकांनी पुट्टी कुठे भरली आहे ते कळतं, तिथे ते पकडत नाही.

दोन पत्रे जिथे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिकठिकाणी ठिपक्याएवढं वितळवून, जोडलेले असतात त्या कडांवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. गंज मूळ पोलादाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. जोडाच्या फटीत तो धरला की दोन पत्रे पाचर मारल्यासारखे एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि दोन ठिपक्यांमधली कड लाटेसारखी फुगते. अशी लाट दिसली तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, तो जोड उघडावा लागणार.

आणि पाणी आलं कुठून हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. चालकाच्या पायाखालचं भोक हे बहुतेक वेळा पाण्याच्या प्रवासाचं शेवटचं ठिकाण असतं. पाणी पुढच्या काचेच्या कडक झालेल्या रबराखालून, वायपरच्या कोनाड्यातून किंवा पुढच्या मडगार्डमागे साचलेल्या चिखलातून आत शिरतं, आतून ओघळत खाली येतं आणि गालिच्याखाली महिनोन्‌महिने बसून राहतं. दाराच्या काचेवरून आत उतरणारं पाणी दाराच्या तळाशी ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. ती भोकं बुजली की दाराचा तळ जातो. सिलचंही तसंच. नवा फ्लोअर टाकला आणि काचेचं रबर तेच ठेवलं तर काही वर्षांनी त्याच जागी तसंच भोक पडेल.

मग गाडी उभी करायची. स्टँड सिलखाली किंवा मधल्या फ्लोअरखाली नकोत. सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं त्या मजबूत जागांच्या खाली, किंवा त्यांच्या अगदी जवळ, चारही कोपऱ्यांत द्या. गाडी चाकांवर उभी असताना बॉडीवर जसा भार येतो तसाच भार तिथेही यायला हवा. पाण्याची पातळी-नळी किंवा लेव्हल लावून चारही कोपरे सारखे करा. इंजिन आणि गिअरबॉक्स काढणं शक्य असेल तर काढा, भार कमी होतो.

आता मापं. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण, दोन पिलरमधलं, म्हणजे छत धरणाऱ्या उभ्या खांबांमधलं, अंतर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही बाजूंच्या पिलरमधलं आडवं अंतर. सस्पेन्शनच्या बोल्टच्या भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि त्या खुणांमधले कर्ण मोजा. प्रत्येक दाराच्या चारही कडांच्या फटी मोजून वहीत लिहा. फोटो काढताना मोजपट्टी चौकटीत दिसेल असा काढा, नुसता फोटो सहा महिन्यांनी काही सांगत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: त्या काळच्या गाड्या कारखान्यातूनही डावी-उजवी अगदी सारखी निघत नसत. चार-पाच मिलिमीटरचा फरक दिसला म्हणून घाबरू नका. फटी सगळीकडे सारख्या असतील आणि दार एका बोटाने लागत असेल, तर आपल्याला जपायचं माप तेच. फटी आधीच वाकड्या असतील तर मात्र आकार आताच गेलेला आहे, आणि आधार देण्याआधी जॅकने हळूहळू उचलून तो परत आणावा लागेल.

आधारासाठी साधारण २५ मिलिमीटरची चौकोनी पोलादी नळी पुरते. पुढच्या पिलरपासून मधल्या पिलरपर्यंत आणि तिथून मागच्यापर्यंत एकेक आडवी आणि एकेक तिरपी नळी, शिवाय डाव्या पिलरपासून उजव्या पिलरपर्यंत एक आडवी. नळ्या आतल्या बाजूने बसवा, म्हणजे दारं लावता-काढता येतील. आधार देताना दारं काढावीच लागणार असं बरेच जण धरून चालतात आणि तिथेच फसतात. दार हीच तुमची मुख्य मोजपट्टी आहे. ते शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा लावून बघता आलं पाहिजे.

नवे पत्रे आणले आहेत, छान. पण खोक्यातून काढून ते थेट बसतील असं गृहीत धरू नका. जुन्या मूळ साच्यांवर काढलेला पत्रा सगळ्यात चांगला बसतो. जुन्या गाड्यांचे पत्रे बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८मध्ये एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची अख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली ती मूळ साच्यांवरच. बाकी बरेच पत्रे मूळ पत्र्यावरून माप घेऊन बनवलेले असतात. त्यांच्या कडांचा कोन थोडा वेगळा निघतो, घड्या बोथट असतात, कधी जाडीही कमी असते. बाहेरचा पत्रा साधारण ०.८ ते १ मिलिमीटर आणि भार घेणारा आतला पत्रा त्याहून जाड, १.२ मिलिमीटर किंवा अधिक. व्हर्नियर लावून मोजा. भार घेणाऱ्या जागी मूळ पत्र्यापेक्षा पातळ पत्रा कधीच घालू नका. नव्या पत्र्यावरचा काळा थर बहुतेक वेळा प्रवासात गंज लागू नये एवढ्यापुरताच असतो. त्यावरच रंग चढवणं धोक्याचं, तो खरवडून काढा.

आणखी एक: पूर्ण पत्रा विकत आणला म्हणून पूर्णच वापरायचा असं नाही. मागच्या कमानीची फक्त खालची दहा सेंटिमीटर पट्टी गेली असेल तर नव्या पॅनलमधून तेवढीच पट्टी कापून लावावी. कारखान्याने बसवलेला चांगला पत्रा हातचा घालवणं मला पटत नाही. मात्र कापताना गंजाच्या कडेवर थांबू नका. पत्रा दोन्ही बाजूंनी घासल्यावर चकचकीत आणि खड्ड्यांशिवाय दिसेल तिथपर्यंत मागे या. खड्डे पडलेल्या पातळ पत्र्यावर वेल्डर लावला की भोक पडतं, ते बुजवायला गेलं की शेजारी दुसरं पडतं.

सिलवर सिल चढवणं हा तर सरळसरळ खोटेपणा आहे. जुन्या सडलेल्या सिलवर बसेल असा नुसता बाहेरचा पत्रा मिळतो. तो लावला की गाडी दिसायला देखणी होते आणि आतली तुळई सडतच राहते. एमजीबीचंच उदाहरण घ्या. तिच्या सिलमध्ये आतला पत्रा, मधला उभा पडदा, बाहेरचा पत्रा आणि खाली किल्ल्याच्या तटाच्या आकाराची पट्टी असे चार भाग एकत्र काम करतात. बाहेरच्या पत्र्याचं पुढचं टोक मडगार्डमागे दडलेलं असतं आणि मागचं टोक मागच्या मडगार्डच्या खालच्या भागात. ही दोन्ही टोकं उघडल्याशिवाय सिल बदललाच जात नाही. तुमच्या गाडीत भागांची संख्या वेगळी असेल, पण टोकं अशीच लपलेली असणार. चार दारांच्या गाडीत मधला पिलर सिलमध्ये उभा असतो, म्हणून त्याचा पायही तपासा.

क्रम असा ठेवा: एका वेळी एकच बाजू, आणि आतून बाहेर. आतला सिल आणि त्याला लागून असलेली फ्लोअरची कड, मग मधला पडदा, मग पिलरचा पाय आणि चाकाची आतली कमान, मग बाहेरचा सिल, शेवटी बाहेरची कमान. फ्लोअरचं मधलं भोक त्यानंतर निवांत करता येतं. सीटचे आणि सीटबेल्टचे नट ज्या जाड पट्ट्यांवर असतात त्या कुजल्या असतील तर त्या आधी. एक बाजू पूर्ण जोडून, दार लावून, मापं तपासून झाल्यावरच दुसरीला हात लावा.

पत्रा सोडवताना घाई नको. रंग काढला की स्पॉट वेल्डचे गोल ठिपके हलक्या खळग्यांसारखे दिसतात. दिसत नसतील तर वरून सपाट घासा, खळग्यांत रंग राहतो आणि ठिपके उठून दिसतात. प्रत्येकाच्या मध्यावर पंच मारा आणि ८ मिलिमीटरच्या स्पॉट वेल्ड कटरने फक्त वरचा पत्रा कापा. खालचा पत्रा तसाच राहिला पाहिजे, नवा त्यावरच बसणार आहे. पातळ छिन्नी घालून हलकेच उचला. जोर लावावा लागला तर कुठलातरी ठिपका राहिला आहे असं समजा. मी आधी पॅनलचा मधला मोठा भाग कापून काढतो आणि कडेची पट्टी शेवटी सोडवतो, म्हणजे हात जायला जागा होते. जुना तुकडा टाकून देऊ नका. त्याच्यावर मूळ भोकं, घड्या आणि पट्ट्यांच्या जागा असतात. गाडी रस्त्यावर येईपर्यंत तो भिंतीला टांगलेला असावा.

इथे थोडं थांबून धोक्यांचं सांगतो, कारण पुढच्या पायरीत माणसं भाजतात. बॅटरी काढा, अल्टरनेटर किंवा डायनामोच्या तारा सोडवा. पेट्रोलची टाकी आणि नळ्या गाडीबाहेर, वेगळ्या जागी. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. सिलच्या पोकळीत जुनं मेण किंवा तेल फवारलेलं असेल तर ते आत पेटतं आणि तुम्ही मास्कआडून बघत असता तेव्हा दिसत नाही. जवळचं डांबरी कोटिंग आणि सीलरही पेटतं. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताजवळ ठेवा, आणि वेल्डिंग संपल्यावर निदान तासभर गाडी सोडून जाऊ नका.

दुसरं, ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून वेल्डिंग करू नका. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावण असतं आणि वेल्डिंगच्या ज्वाळेत त्यापासून फॉस्जीन तयार होतो. हा फुप्फुसं निकामी करणारा वायू आहे. साधं अ‍ॅसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या. तिसरं, जस्ताचा मुलामा असलेला पत्रा. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, पोलाद वितळायला त्याहून पाचशेएक अंश जास्त लागतात, म्हणजे वेल्ड होण्याआधीच जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की त्या रात्री थंडी वाजून ताप येतो. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा, हवा खेळती ठेवा, योग्य मास्क लावा. चौथं, शिसं. त्या काळात छत आणि पिलरचे जोड शिसं-कथलाच्या मिश्रणाने भरून गुळगुळीत करायचे, आणि जुन्या रंगांतही शिसं असायचं. राखाडी मऊ धातू दिसला तर त्यावर ग्राइंडर चालवू नका, धूळ श्वासात जाते. मंद ज्योतीने गरम करून लाकडी पट्टीने निपटून काढा.

आता नवा पत्रा बसवून बघणं. या कामातला माझा अर्ध्याहून जास्त वेळ इथे जातो, आणि नवख्या माणसाला हाच वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. क्लॅम्पने धरा, जिथे क्लॅम्प पोचत नाही तिथे पत्र्याचे स्क्रू मारा, भोकं नंतर वेल्डने बुजवता येतात. मग दारं लावा. पुढचं मडगार्ड लावा. बॉनेट लावा. दिवे आणि क्रोमच्या पट्ट्यासुद्धा टेकवून बघा, कारण वेल्डिंग झाल्यावर पट्टीचं भोक पाच मिलिमीटर बाजूला आहे हे कळणं फार दुःखद असतं. फटी मोजा, वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. सगळं जुळलं की मी काम तिथेच सोडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या नजरेने पुन्हा बघतो. निम्म्या वेळा काहीतरी हलवावं लागतं.

वेल्डिंगच्या दोन तऱ्हा तुम्हाला लागतील. कडेवर कड येते तिथे, म्हणजे कारखान्याचे स्पॉट वेल्ड होते तिथे, प्लग वेल्ड. वरच्या पत्र्याला पातळ कामासाठी ६ आणि भार घेणाऱ्या जोडासाठी ८ मिलिमीटरची भोकं पाडा. कारखान्याचे जितके ठिपके होते तितकी तरी हवीत, एखाददुसरं जास्त चालेल. दोन्ही पत्रे एकमेकांना घट्ट चिकटलेले असले पाहिजेत. वेल्डरची तार भोकाच्या मध्यावर, खालच्या पत्र्यावर रोखा, तो आधी वितळू द्या, मग गोल फिरवत कडा भरा. वरवर छान बुडबुडा दिसतो आणि खालच्या पत्र्याला धरलेलंच नसतं, ही सगळ्यात नेहमीची चूक. म्हणून गाडीला हात लावण्याआधी त्याच जाडीच्या दोन तुकड्यांवर प्लग वेल्ड मारा, शिकंजात धरून एक तुकडा सोलून काढा. वेल्डभोवतीचा पत्रा फाटून गोळा दुसऱ्या तुकड्यावर राहिला तर जोड खरा. गोळाच सुटून आला तर करंट वाढवा आणि पुन्हा करा. दहा तुकडे सलग असे फाटले की मग गाडी.

बाहेरून दिसणाऱ्या पॅनलमध्ये तुकडा घालताना कडेला कड भिडवून जोडा. एकावर एक चढवलेला जोड सोपा असतो, पण मागे फट राहते आणि तिथे पाणी बसतं. दोन कडांमध्ये पत्र्याच्या जाडीपेक्षा थोडी कमी फट ठेवा. मिगला ०.६ मिलिमीटरची तार आणि आरगॉनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवर काम होतं, पण पातळ पत्र्यावर उष्णता जास्त जाते आणि ठिणग्या फार उडतात. टाके दूर दूर मारा: एक या टोकाला, एक त्या टोकाला, एक मध्ये, मग त्यांच्या मध्ये. हात लावता येईल इतका पत्रा थंड झाल्याशिवाय शेजारी दुसरा टाका नको. ओलं फडकं लावून थंड करू नका, पत्रा आणखी आवळतो. एका दमात लांब वेल्ड ओढली तर तुमचं गुळगुळीत पॅनल डब्याच्या झाकणासारखं टकटक आत-बाहेर करायला लागेल.

कारण सोपं आहे. वेल्ड थंड होताना आकुंचन पावते आणि दोन्ही बाजूंचा पत्रा आपल्याकडे ओढते. त्याला उपाय ठोकण्याचा. मागे डॉली, म्हणजे हातात धरायचा पोलादी ठोकळा, धरा आणि वेल्डवरच हलके ठोके द्या, म्हणजे आवळलेला धातू परत पसरतो. तांबट भांडं मठारतो ना, तसं. जोर कमी, ठोके जास्त, आणि दर काही टाक्यांनंतर. मिगची वेल्ड कडक आणि उंच असते, म्हणून आधी ती ग्राइंडरने पत्र्याच्या जरा वरपर्यंत उतरवा आणि मग मठारा. टिग (टंगस्टनच्या टोकाने वितळवून, तार हाताने वेगळी देत केलेलं वेल्डिंग) किंवा गॅस वेल्डिंग जमत असेल तर तिची वेल्ड मऊ असते आणि हातोडीला फार छान ऐकते. बाहेरच्या मोठ्या पॅनलसाठी मी टिगच घेतो. आणि जोड कुठे घ्यायचा हे कापतानाच ठरवा: घडीच्या किंवा उठावाच्या जवळ, जिथे पत्रा आकारामुळे आपोआप ताठ असतो. सपाट पॅनलच्या मधोमध जोड घेतला तर तो सपाट करायला आठवडा जाईल.

दाराचा बाहेरचा पत्रा बदलायची वेळ आली तर कडेची घडी ग्राइंडरने घासून पत्रा सुटतो. नवा बसवताना आतल्या चौकटीच्या कडेला आधी प्रायमर आणि सीलर लावा. दार गाडीवर लावून, त्याचा पीळ बघून, मगच घडी पूर्ण मारा. घडी मारली की दार त्या आकारात कायमचं पक्कं होतं.

गंज काढण्याबद्दल एक इशारा. मोठ्या सपाट पॅनलवर, छतावर, बॉनेटवर वाळूचा जोरदार मारा करून घेऊ नका. कणांच्या आघाताने पत्र्याचा वरचा थर ताणला जातो आणि तो फुगतो. तसं लाटा लाटांचं झालेलं बॉनेट परत सरळ करणं फार कठीण. जाड आतल्या भागांना, सस्पेन्शनला तो मारा उत्तम. आम्लाच्या टाकीत अख्खी बॉडी बुडवली तर सगळा रंग जातो खरा, पण जोडांच्या फटीत आम्ल राहतं आणि नव्या रंगाखालून डोकं वर काढतं.

वेल्डिंगनंतरचं काम लोक उरकून टाकतात, आणि पुढचा गंज तिथेच जन्माला येतो. उघडा पत्रा रात्रभर सोडू नका. साफ करून त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारा. जाड भरीव प्रायमर आणि पुट्टी दोन्ही ओल शोषतात, त्यामुळे पुट्टी भरायचीच असेल तर इपॉक्सीवर भरा, नुसत्या पत्र्यावर नको. आम्लयुक्त एच (etch) प्रायमरवर पुट्टी किंवा इपॉक्सी टाकू नका, पकडत नाही. सीलर इपॉक्सीच्या वर, प्रत्येक जोडावर, खालून आणि आतूनही. प्लग वेल्डच्या कडांमध्ये बंद होणार आहेत त्या दोन पृष्ठांवर जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर मारतात. मारा, पण भोकांमधला आणि भोकाभोवतीचा घासून काढा, नाहीतर वेल्ड सच्छिद्र होते. पोकळ सिलच्या आत मेण फवारणं सगळ्यात शेवटी, रंग पूर्ण झाल्यावर. आधी फवारलं तर रंगात त्याचे गोल खळगे पडतात, आणि कुठे वेल्डिंग राहिलं असेल तर आग लागते. लांब लवचीक नळी आणि चारही बाजूंना फवारा देणारा नोझल घ्या. मेण खालच्या भोकांतून ठिबकायला लागेपर्यंत फवारा, मग ती भोकं तारेने पुन्हा मोकळी करा.

सगळं जोडून झाल्यावर, गालिचे घालण्याआधी, एकाला गाडीत टॉर्च घेऊन बसवा आणि तुम्ही बाहेरून नळीने पाणी सोडा. आधी पुढच्या काचेच्या खालच्या कडेवर, मग वायपरच्या कोनाड्यात, मग दारांच्या काचांवर, मग मागच्या काचेवर. प्रत्येक जागी पाच मिनिटं. आत बसलेल्याला एकही थेंब दिसता कामा नये, आणि तुम्ही खाली वाकून बघा: दाराच्या तळातून, सिलच्या भोकांतून, कोनाड्याच्या नळीतून पाणी ठिबकत बाहेर येतंय का. एखादं भोक कोरडं राहिलं तर गालिचे बाजूला ठेवा आणि ते आधी मोकळं करा.